श्वानसंगोपन, महाराष्ट्रातील

कुत्र्याचे पिलू घरी आणून त्याला माणसांच्या सहवासाची, ठराविक जागेची, खाण्यापिण्याच्या व मलमूत्रविसर्जनाच्या वेळांची सवय लावणे आणि त्याच्या स्वाभाविक खोड्यांसह त्याला कुटुंबात सामावून घेणे, या व्यवहारास श्वानसंगोपन म्हणता येईल. महाराष्ट्रात कुत्रा व माणूस यांचा संबंध ताम्रपाषाणयुगाइतका जुना आहे. तथापि तो दीर्घकाळ अंगणापुरता मर्यादित होता. घराच्या आतील खोल्यांत वाढणारे पिलू ही सर्वसामान्य मराठी कुटुंबाच्या दृष्टीने तुलनेने अलीकडची गोष्ट होय. उंबरठ्याबाहेरच्या कुत्र्याचा भार सारे गाव वाहत असे. उंबरठ्याच्या आत आलेल्या पिलाचा भार एकाच कुटुंबावर पडतो. पाळीव प्राण्यांच्या खोडकरपणाविषयीच्या बहुतेक तक्रारींचे आणि टाकून दिलेल्या कुत्र्यांच्या प्रश्नाचे मूळ या बदलात सापडते.

प्राचीन अवशेष : कुत्रा हा माणसाने माणसाळविलेला पहिला प्राणी समजला जातो. जर्मनीतील बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये दोन मानवी सांगाड्यांबरोबर कुत्र्याच्या एका पिलाचे अवशेष मिळाले. ते सु. १४,००० वर्षांपूर्वीचे आहेत. त्याच्या दातांच्या अभ्यासावरून २०१८ मध्ये असे दाखविण्यात आले, की सु. सात महिन्यांचे हे पिलू मरण्यापूर्वी काही आठवडे डिस्टेंपर या रोगाने वारंवार आजारी पडले होते आणि माणसाच्या शुश्रूषेवाचून ते तितके दिवस जगणे अवघड होते. पिलाच्या संगोपनाचा हा ज्ञात असा अतिप्राचीन पुरावा होय. इझ्राएलमधील ऐन मलाहा येथील सु. १२,००० वर्षांपूर्वीच्या दफनात एका व्यक्तीचा हात पिलाच्या अंगावर ठेवलेला आढळला आहे. काश्मीरमधील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन वसाहतीत कुत्र्यांची दफने सापडली आहेत. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. तेथे गुरे व शेळ्यामेंढ्या यांच्या हाडांबरोबर कुत्र्याचीही हाडे मिळाली. गुरेढोरे राखणाऱ्या व धान्य साठविणाऱ्या वस्तीत कुत्रा राखणदार म्हणून वावरत असावा, असे यावरून अनुमान करता येते.

वाङ्मय व धर्मकल्पना : संस्कृतमध्ये कुत्र्यास श्वान, शुनक, सारमेय इ. नावे आहेत. जुन्या मराठीतील ‘सुणे’ हा शब्द याच परंपरेतील होय. सारमेय म्हणजे सरमेचा पुत्र. ऋग्वेदातील सरमा ही इंद्राची कुत्री चोरलेल्या गाईंचा शोध लावते. महाभारताच्या आदिपर्वातील सरमेची कथा पिलाच्या संगोपनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. जनमेजयाच्या यज्ञस्थळी आलेल्या सरमेच्या पिलास राजाचे भाऊ मारहाण करतात. पिलाने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. रडत आलेल्या पिलाची आई राजाला जाब विचारते. उत्तर न मिळाल्यावर निरपराध्याला मारल्याबद्दल ‘न दिसणारे भय तुझ्यावर कोसळेल’ असा शाप देते. नुसत्या संशयावरून पिलास शिक्षा करणे हा अन्याय होय, हा विचार या कथेत स्पष्टपणे आला आहे. महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर आपल्याबरोबर चालत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारतो.

धर्मशास्त्राने मात्र कुत्र्याला अशुची मानले. अन्नास त्याचा स्पर्श वा दृष्टी होऊ नये, असा निर्बंध असे. त्याचबरोबर नित्याच्या वैश्वदेवात कुत्रा, कावळा इ. प्राण्यांसाठी अन्नाचा वाटा घराबाहेर जमिनीवर ठेवण्याचे कर्तव्य गृहस्थास सांगितले होते. कुत्र्याला खाऊ घालावे, पण घरात घेऊ नये, ही दुहेरी भूमिका पुढील अनेक शतके मराठी समाजात टिकून राहिली.

भक्तिपरंपरेत ही रेषा काहीशी पुसट झाली. दत्तात्रेयाच्या पायांशी असलेली चार कुत्री चार वेदांची प्रतीके मानली जातात. काळभैरवाचे वाहन कुत्रा आहे. खंडोबाच्या परिवारात कुत्र्याला मानाचे स्थान असून त्याचे उपासक वाघ्या हे स्वतःला देवाचे कुत्रे समजतात. कोटंब्यात भिक्षा घेण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. कोरडी पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे संत नामदेव तुपाची वाटी घेऊन धावल्याची आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. अन्न पळविणे हीच कुत्र्याची सर्वांत जुनी खोडी. तिच्याकडे चोरी म्हणून न पाहता भूक म्हणून पाहावे, असा या आख्यायिकेचा आशय आहे.

उंबरठा आणि माजघर : पारंपरिक मराठी घराच्या रचनेत प्रत्येक प्राण्याची जागा ठरलेली होती. गुरे गोठ्यात, कुत्रा अंगणात किंवा फार तर ओसरीच्या पायरीशी आणि मांजर मात्र थेट माजघरात व स्वयंपाकघरात. धान्य खाणाऱ्या उंदरांचा बंदोबस्त मांजर करीत असल्याने त्यास हा मुक्त संचार मिळाला. दुधातुपावर मारलेला डल्ला ही त्या संचाराची किंमत होती. ती कमी करण्यासाठी मांजराला शिकविण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. घराचीच मांडणी बदलण्यात आली. आढ्याला टांगलेले शिंके, तोंडावर झाकण घातलेली उतरंड, दाराचे फडताळ आणि नंतरच्या काळातील जाळीचे कपाट ही सारी या सहवासाची साधने होत. ‘शिंक्याचे तुटले, बोक्याचे पटले’ ही म्हण दोष बोक्याकडे न देता शिंक्याकडे देते. याउलट कुत्र्याच्या वाट्याला ‘शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ ही म्हण आली. कुत्र्याचा स्वभाव बदलत नाही, असा समज तीत दिसतो. खोडकर प्राण्याबरोबर राहावयाचे, तर आधी वस्तूंची जागा बदलावी लागते, हा मांजरामुळे आलेला अनुभव कुत्र्याच्या बाबतीत वापरला गेला नाही. कारण कुत्रा घरात नव्हताच.

गावातील कुत्रे सामान्यतः कोणा एकाच्या मालकीचे नसे. शिळी भाकर अनेक घरांतून मिळे आणि रात्रीची राखण साऱ्या आळीला लाभे. धनगरांची कुत्री लांडग्यांपासून मेंढरांचे रक्षण करीत. लमाण तांड्यांबरोबर चालणारी कुत्री आणि पारध्यांची शिकारी कुत्री यांचे पालन अधिक काळजीपूर्वक होई. त्यांची पिले निवडून वाढविली जात. स्थिर शेतकऱ्यापेक्षा फिरत्या जमातींनीच महाराष्ट्रात कुत्र्याच्या जाती जोपासल्या, असे म्हणावयास हरकत नाही. तांडा जेथे थांबेल तेच घर असल्याने तेथे आतबाहेर हा भेदही फारसा नव्हता.

राजाश्रय : कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (सु. ११३०) या ग्रंथात ‘सारमेयविनोद’ हे प्रकरण असून त्यात निरनिराळ्या प्रदेशांतील कुत्र्यांची लक्षणे व त्यांच्या साहाय्याने करावयाची शिकार यांचे वर्णन आहे. मराठेशाहीत साताऱ्याचे छत्रपती शाहू (१६८२–१७४९) यांचे श्वानप्रेम सर्वश्रुत होते. शिकारीत वाघापासून आपले प्राण वाचविणाऱ्या कुत्र्याला त्यांनी जहागीर व पालखीचा मान दिल्याचे ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) नोंदविले आहे. खंड्या या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कुत्र्याचे स्मारक साताऱ्याजवळील संगम माहुली येथे आहे. रायगडावरील वाघ्या कुत्र्याची समाधी १९३६ मध्ये उभारण्यात आली. या कुत्र्याला समकालीन पुराव्याचा आधार नाही, असा आक्षेप घेतला जातो आणि त्यावरून वेळोवेळी वाद झाले आहेत. मुधोळचे घोरपडे घराणे कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्यांचे आश्रयदाते म्हणून प्रसिद्धीस आले. ही उंच, सडपातळ व वेगवान जात मुधोळ हाउंड या नावानेही ओळखली जाते. तिचे व पश्मी या लांब केसांच्या जातीचे पालन दक्षिण महाराष्ट्रात व मराठवाड्यातही होते. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी जातींवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळ हाउंडचा समावेश होता.

दख्खनमधील कुत्र्यांची पहिली शास्त्रीय स्वरूपाची नोंद कर्नल विल्यम सायक्स याने १८३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सस्तन प्राण्यांच्या यादीत आढळते. इराणी शिकारी कुत्र्याची आठवण करून देणारा, पण त्याहून बळकट असा लमाणांचा कुत्रा त्याने प्रथम स्थानी ठेवला. गावकुत्री संख्येने पुष्कळ असून ती कोणाची खाजगी मालमत्ता नसतात व गावांत निर्वेधपणे वाढतात, असे त्याचे निरीक्षण आहे. त्याच यादीत गावकुत्र्यांपैकीच एका लहान, बहुधा पांढऱ्या, रेशमी लांब केसांच्या लाडक्या प्रकाराचा उल्लेख असून त्यास मशाल व कंदील तोंडात धरून चालण्यास शिकवीत, असे म्हटले आहे. यावरून घरात लाडाने वाढविलेले व शिकविलेले कुत्रे इंग्रजांपूर्वी अज्ञात नव्हते, मात्र ती काही मोजक्या घरांचीच हौस होती, असे दिसते.

मुंबईतील १८३२ चा उद्रेक : शहरात ‘मालकीचे’ व ‘बेवारस’ असा भेद प्रथम सरकारी नियमाने केला. मुंबईत उन्हाळ्याच्या महिन्यांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम कंपनी सरकारने केला होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठरविले होते. इनामाच्या लोभाने कुत्री पकडणारे लोक घरांच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान असून मृत व्यक्तीचे कुत्र्याकडून दर्शन घडविण्याचा ‘सगदीद’ हा विधी त्यांच्या अंत्यसंस्कारांत आहे. ६ जून १८३२ रोजी कोट भागात पारशी जमावाने कुत्री पकडणाऱ्यांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला, कोटात जाणारा माल अडविण्यात आला आणि अखेर लष्कर बोलवावे लागले. यानंतर कुत्री मारण्याऐवजी ती शहराबाहेर नेऊन सोडण्याची भूमिका सरकारने घेतली. गळ्यात पट्टा असलेले वा नसलेले कुत्रे दारात बसलेले असेल, तर ते घरचे की रस्त्यावरचे, हा प्रश्न या दंगलीने उपस्थित केला. पुढील जवळजवळ दोन शतकांत तो पूर्णपणे सुटलेला नाही.

छावणी, बंगला व दवाखाना : पुणे, अहमदनगर, नागपूरजवळील कामठी (स्थापना १८२१) इ. छावण्यांतील युरोपीय अधिकाऱ्यांनी टेरिअर, स्पॅनिएल यांसारख्या विदेशी जाती बरोबर आणल्या. बंगल्याच्या दिवाणखान्यात वावरणारे, नाव दिलेले, वेळेवर फिरावयास नेले जाणारे कुत्रे हे दृश्य येथील समाजास नवे होते. संस्थानिक, वकील, डॉक्टर व सरकारी अधिकारी यांच्या घरांतून ते हळूहळू रुळले. त्याबरोबर पशुवैद्यकाच्या सोयीही उभ्या राहिल्या. मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी १८७४ मध्ये संस्था निघाली. परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय झाले आणि १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ मध्ये स्थापन झाले. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही नागपुरातच आहे (स्थापना २०००). प्रारंभी गुरे व घोडे यांच्यासाठी असलेल्या या विद्येत लहान पाळीव प्राण्यांचे उपचार ही स्वतंत्र शाखा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढली.

पिसाळ रोग : कुत्र्याला घराबाहेर ठेवण्यामागे शुचितेच्या कल्पनेइतकेच भयही होते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर पूर्वी कोणताच खात्रीचा इलाज नव्हता [→ अलर्क रोग]. लूई पाश्चर यांनी १८८५ मध्ये या रोगावरील लस माणसाला प्रथम दिली. भारतात कसौली येथे १९०० मध्ये पाश्चर संस्था निघाली आणि चावा झालेल्या रोग्यांना दूरदूरच्या प्रांतांतून रेल्वेने तेथे न्यावे लागे. डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये तेथे तयार केलेली लस मेंढीच्या मेंदूपासून बनविली जाई. तिचे उत्पादन मुंबईच्या हाफकिन संस्थेतही होत असे. पोटात घ्यावयाची चौदा इंजेक्शने ही या लसीची ओळख अनेक पिढ्यांच्या स्मरणात राहिली. २००४ च्या सुमारास ही लस भारतात बंद होऊन तिची जागा पेशीसंवर्धनापासून बनविलेल्या सुरक्षित लसींनी घेतली. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील या रोगाच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात होतात व त्यांत मुलांचे प्रमाण मोठे असते. पिलू तीन महिन्यांचे होताच त्यास ही लस टोचणे आणि कोणताही चावा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने सु. पंधरा मिनिटे धुऊन त्वरित वैद्यकीय उपचार घेणे, हे श्वानसंगोपनाचे अनिवार्य अंग आहे.

शिक्षणपद्धतींचा इतिहास : घरात आलेल्या पिलाला कसे शिकवावे, याविषयीच्या आधुनिक कल्पना दीर्घकाळ लष्करी व पोलीस शिक्षणातून घेतलेल्या होत्या. जर्मन अधिकारी कोनराट मोस्ट याच्या १९१० मधील ग्रंथात आज्ञा, गळपट्ट्याचा हिसका व शिक्षा यांना मध्यवर्ती स्थान होते. रूडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या अभ्यासावरून कळपात सत्तेसाठी सतत झुंज चालते, असे मानले गेले. मालकानेही कुत्र्यावर वर्चस्व गाजवावे, हा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला. पुढे एल. डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये दाखविले, की रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे सामान्यतः आईबाप व त्यांची पिले यांचे कुटुंब असते. त्यामुळे वर्चस्वाच्या उपपत्तीचा पायाच ढासळला. दरम्यान अमेरिकेतील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी केलेल्या व १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या संशोधनातून असे स्पष्ट झाले, की पिलाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांदरम्यानचा काळ हा सामाजिक संस्कारांचा निर्णायक काळ असतो. या काळात भेटलेली माणसे, मुले, आवाज व प्राणी पिलाला आयुष्यभर परिचित वाटतात; चौदा आठवड्यांपर्यंत माणसापासून दूर वाढलेली पिले पुढे रानटी प्राण्यांसारखी बुजतात.

या ज्ञानामुळे पिलाच्या खोड्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. आई व भावंडे यांच्यापासून तुटलेले पिलू पहिल्या रात्री केकाटते ते हट्टाने नव्हे, तर एकटेपणाच्या भयाने. त्याचे अंथरूण प्रथम माणसांच्या जवळ ठेवून ते क्रमाक्रमाने ठरलेल्या जागी नेल्यास हे रडणे बहुधा थांबते. पिलाचे २८ दुधाचे दात पडून सु. चार ते सात महिन्यांच्या वयात ४२ कायमचे दात येतात. त्या काळात चपला, खुर्चीचे पाय, पुस्तके व पायजम्याची टोके कुरतडली जातात. चावण्यासाठी योग्य वस्तू देणे व चपला कपाटात ठेवणे हा त्यावरील उपाय आहे. शिंक्याचे तत्त्व येथे पुन्हा उपयोगी पडते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळून झाल्यावर पिलाला लगेच बाहेर नेले आणि तेथे विसर्जन केल्याबरोबर शाबासकी दिली, तर घर घाण करण्याची सवय सुटते. घडून गेलेल्या प्रमादाबद्दल नंतर केलेली शिक्षा पिलाला कळत नाही. त्याला मारणाऱ्याचे भय तेवढे कळते. सरमेने जनमेजयाला विचारलेला प्रश्न हाच होता.

आहाराच्या बाबतीत पारंपरिक व्यवहार सर्वस्वी चुकीचा नव्हता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनावरून, लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्ट पदार्थ पचविण्याची क्षमता बरीच वाढलेली असल्याचे दिसून आले; शेतकऱ्याच्या भाकरीवर जगण्याचा तो परिणाम मानला जातो. मात्र केवळ दूधभातावर वाढणाऱ्या पिलाला पुरेशी प्रथिने मिळत नाहीत. मराठी स्वयंपाकात सर्रास असणारा कांदा, तसेच द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट कुत्र्याला विषारी ठरतात. पिलांना जीवघेणा ठरणारा पार्व्हो विषाणू १९७८ मध्ये प्रथम ओळखला गेला व थोड्याच वर्षांत जगभर पसरला. त्यावरील व डिस्टेंपरवरील लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून टप्प्याटप्प्याने द्यावी लागते.

नागपूर व वाडी : नागपूरच्या पश्चिमेस अमरावती रस्त्यावर असलेले वाडी हे या स्थित्यंतराचे बोलके उदाहरण होय. नावाप्रमाणे एकेकाळी लहान वस्ती असलेले हे गाव आज गोदामे, मालवाहतुकीचे अड्डे, अंबाझरी आयुधनिर्माणीचा शेजार आणि वाढत्या निवासी वसाहती यांनी वेढलेले असून तेथे नगरपरिषद आहे. गावकुत्र्यांची शेताअंगणातील जागा रस्ते, भिंती व सदनिकांनी घेतली. अशा वसाहतींत कुत्रे एक तर चौथ्या मजल्यावर असते, नाहीतर रस्त्यावर. मधली ओसरी उरलेली नाही. सदनिकेत पिलाला दिवसभर कोंडून सर्व माणसे कामावर गेल्यास सततचे भुंकणे, दारे खरवडणे, उशा फाडणे हे प्रकार वाढतात व शेजाऱ्यांशी तंटे होतात. त्यांचे कारण बहुतांशी पुरेसा व्यायाम व सोबत नसणे हे असते.

हवामानाचाही विचार येथे अपरिहार्य आहे. विदर्भातील उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या वर जाते. कुत्र्याला माणसाप्रमाणे सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. त्यामुळे आखूड नाकाच्या पग, बुलडॉग यांसारख्या जाती आणि दाट केसांच्या हस्कीसारख्या शीत प्रदेशांतील जाती उष्माघातास लवकर बळी पडतात. एका दूरध्वनी कंपनीच्या २००३ मधील जाहिरातीनंतर भारतात पग पाळण्याची लाटच आली. विदर्भासारख्या प्रदेशात ती हौस प्राण्याच्या जिवावर बेतू शकते. याउलट आखूड केसांचे देशी कुत्रे या हवामानाशी सहस्रावधी वर्षे जुळलेले आहे. उन्हाळ्यात पिलाला पहाटे व सूर्यास्तानंतरच बाहेर नेणे, सावली व पाणी सतत उपलब्ध ठेवणे आणि दिवाळीच्या आतषबाजीत त्याला आतल्या खोलीत सोबत देणे, ही काळजी घ्यावी लागते.

कायदा व सद्यःस्थिती : प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा पहिला अखिल भारतीय कायदा १८९० मध्ये झाला, त्याची जागा १९६० च्या अधिनियमाने घेतली. त्याखालील २००१ च्या नियमांनी मोकाट कुत्री ठार मारण्याऐवजी त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडण्याचे धोरण स्वीकारले. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. २०१७ च्या नियमांन्वये आठ आठवड्यांहून लहान पिलांची विक्री करण्यास मनाई आहे. पोपटासारखे जे देशी पक्षी पूर्वी ओसरीच्या पिंजऱ्यात सर्रास दिसत, ते पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने बंदी आहे. त्यामुळे घरातील प्राण्यांत कुत्रा व मांजर यांचे स्थान आणखी वाढले.

नागपुरातील एका प्रकरणाने या साऱ्या इतिहासातील मूळ प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. मोकाट कुत्र्यांच्या उपद्रवासंबंधीच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये असा आदेश दिला, की सार्वजनिक ठिकाणी कोणी कुत्र्यांना खाऊ घालू नये. ज्यांना ते करावयाचे असेल त्यांनी कुत्रे रीतसर दत्तक घेऊन, त्याची नोंदणी करून घरी न्यावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या आदेशातील दत्तक घेण्याच्या सक्तीस व दंडात्मक कारवाईस स्थगिती दिली. २०२३ च्या नियमांनी रस्त्यावरील कुत्र्यांना ‘समुदाय प्राणी’ मानून त्यांना खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून देण्याची तरतूद केली. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले, की प्राणिप्रेमींना रस्त्यावरील कुत्री दत्तक घेता येतील, परंतु एकदा घरी नेलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी त्यांच्यावर राहील.

दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत तथ्य आहे. चाव्याचे भय, विशेषतः लहान मुले व वृद्ध यांचे, खरे आहे. दुसरीकडे, उंबरठ्याबाहेर घास ठेवण्याची जुनी रीत ही केवळ भूतदया नव्हती. तीत राखणीचा मोबदला व सामुदायिक जबाबदारी होती. रस्त्यावरील पिलाचे आयुष्य मात्र पूर्वीही सुखाचे नव्हते. कोलकात्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या संशोधकांनी ९५ वेतांतील ३६४ पिलांचा मागोवा घेऊन २०१६ मध्ये दाखवून दिले, की त्यांपैकी केवळ १९ टक्के पिलेच प्रजननक्षम वयापर्यंत जगली आणि झालेल्या मृत्यूंपैकी ६३ टक्के प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे माणसामुळे घडले.

या पार्श्वभूमीवर रस्त्यावरचे एखादे पिलू घरी आणणे हे त्याला वाचविण्याचे साधन ठरते. पण घरी आणल्यावर त्याच्या खोड्यांना कंटाळून काही महिन्यांनी त्याला सोडून दिले, तर ते अधिकच असहाय होते. कारण तोवर भाकरीसाठी घरोघर हिंडण्याची कला ते विसरलेले असते आणि गल्लीतील कुत्री त्याला परके मानतात. सामान्यतः दहा ते पंधरा वर्षांचे आयुष्य असलेल्या या प्राण्याची खोडकर अवस्था दीड-दोन वर्षांत संपते. तेवढ्या काळापुरते घराने आपल्या वस्तूंची, वेळांची व सवयींची फेरमांडणी केली, तर उरलेला दीर्घ काळ सुखाचा जातो. मांजरासाठी शिंके टांगणाऱ्या घराला ही फेरमांडणी नवीन नाही.